बीडला लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो, मग कोरडं बीडच का?

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या पात्राबाहेर, सोयाबीन पाण्यात उभं राहून सडलं, नुसतं पीकच नाही तर कित्येकांच्या वावरातली मातीसुद्धा वाहून गेली. आणि हाच तो मराठवाडा जिथं एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. बाहेरगावचे लोक विचारतात की बाबा तुमचा भाग नक्की कसला, पुराचा का दुष्काळाचा? माझा भाचा नववीला आहे, त्यानंही भूगोलाचं पुस्तक समोर धरून हेच विचारलं, मामा जगात एवढी हवामानं दिलीत, आपण यातल्या कुठल्या खान्यात बसतो? तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर वाचत बसलो, आकडेमोड केली आणि लक्षात आलं की हे आपल्या शाळेत कुणी धड समजावलंच नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक फरक: हवा वेगळी, हवामान वेगळं

लातूर-धाराशिवकडं येळवस असते, वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात, ज्वारीच्या कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आता समजा एखादा पाहुणा आयुष्यात एकदाच आणि नेमका त्याच दिवशी आला तर त्याला वाटेल हे लोक रोज भज्जी-आंबीलच खातात आणि गावात घरं असून रानात बसून जेवतात. एका दिवसावरून घराचं जेवण कळत नाही, वर्षानुवर्षं त्या घरात राहावं लागतं.

आज पाऊस पडला, उद्या ऊन पडलं, ही झाली हवा. आणि निदान तीस वर्षांच्या नोंदी काढून त्यांची सरासरी, कुठल्या महिन्यात किती ऊन, किती पाऊस, किती थंडी, हे जे चित्र तयार होतं ते हवामान. त्यामुळं एका सप्टेंबरच्या पुरानं मराठवाड्याचं हवामान बदलत नाही आणि एका २०१६ नं ठरतही नाही. पण दोन्ही त्याच हवामानाची पोरं आहेत, ते पुढं येईलच.

पाऊस मिलीमीटरमधी सांगतात म्हणजे काय

हे माहीत नसलं की पुढचं सगळं डोक्यावरून जातं. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक मीटर बाय एक मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. एकरावर धरलं तर एका मिलीमीटरला चार हजार लिटर. बीडला वर्षाला साधारण सहाशे ते सातशे मिलीमीटरच्या मध्ये पाऊस पडतो, सातशे धरा, म्हणजे एका एकरावर अठ्ठावीस लाख लिटर, दहा हजार लिटरचे दोनशे ऐंशी टँकर! एका एकरात! मग हे पाणी जातं कुठं?

आणि लंडनला वर्षाला पडतो साधारण सहाशे मिलीमीटर. हो, ज्या शहरात लोक छत्रीशिवाय बाहेर पडत नाहीत असं आपण ऐकत आलो, तिथं बीडपेक्षा कमीच पाऊस पडतो. तरी तिथं बागा हिरव्यागार आणि आपल्याकडं मार्च उजाडला की हंडे.

कुरडया कुठं लवकर वाळतात?

उत्तर गच्चीवर आहे. एप्रिलमध्ये आमच्या घरी गव्हाचा चीक हाटून सकाळी आठ-नऊला कुरडया टाकल्या की दुपारी चारपर्यंत वरून कडक, संध्याकाळी उलटून टाकायच्या, दुसऱ्या दिवशी डब्यात भरायला तयार. ठाण्याची मावशी हौसेनं तिकडं करते तर तिच्या कुरडया तीन-तीन दिवस चिवटच राहतात, बुरशी धरेल म्हणून जीव खाली-वर. तिच्याकडं हवेतच एवढा ओलावा असतो की कुरडईतलं पाणी हवा घ्यायलाच तयार नसते, आपल्याकडची हवा कोरडी आणि ऊन करकरीत, ती मिळेल तिथनं पाणी ओढते.

जी हवा कुरडया वाळवते तीच हवा तळं वाळवते, वावर वाळवते, धरण वाळवते. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा मिलीमीटरच्या पुढं उडून जातं. वर्षाचं धरलं तर आपल्या उन्हाची भूक दीड ते दोन हजार मिलीमीटरची आहे, म्हणजे जवळपास पुरुषभर खोल पाणी. पाऊस पडतो सातशे. लंडनचं वर्षाचं सरासरी तापमान अकरा अंशाच्या आसपास, तिथल्या उन्हाला भूकच नाही, शिवाय पाऊस वर्षभर थोडा थोडा, शंभराच्या वर दिवसांत वाटून. आपल्याकडं तोच चाळीस-पन्नास दिवसांत येऊन जातो, त्यातही बराचसा मोजक्या दिवसांत, मग मुरतो कमी आणि वाहतो जास्त.

म्हणजे हवामान ओळखायचं तर नुसती पावसाची जमा बघून चालत नाही, उन्हाचा खर्च पण मांडावा लागतो. ही एक गोष्ट कळली की जगाचा अख्खा नकाशा उलगडतो.

झाडं बघून हवामान ओळखणारा माणूस

व्लादिमीर कोपेन नावाचा शास्त्रज्ञ होता, १८४६ ला रशियात सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला, पुढं जर्मनीत काम केलं. लहानपण गेलं क्रिमियात आणि उत्तरेतल्या थंड शहरातून दक्षिणेतल्या उबदार समुद्राकाठी जाता-येताना त्यानं वाटेत झाडं बदलताना बघितली. त्याच्या डोक्यात बसलं की झाड म्हणजेच हवामानाची नोंदवही, कारण झाड एका दिवसाचं नसतं, ते तिथं उभं आहे म्हणजे कित्येक वर्षांचा पाऊस-ऊन त्याला मानवलंय. १८८४ पासून तो या वर्गवारीवर काम करत राहिला, पार १९३६ पर्यंत सुधारत राहिला, नंतर रुडॉल्फ गायगरनं त्यात भर घातली, आणि आजही जगभरात हवामानाचे नकाशे बहुतेक त्याच पद्धतीनं काढतात.

कोपेनसारखा प्रवास आपण मराठवाड्यातच करू शकतो. आष्टी-पाटोद्याकडनं निघा, माळावर बोरी, बाभळी, हिवर, सगळं काटेरी, बारक्या पानाचं, कारण मोठं पान म्हणजे जास्त पाणी उडणार आणि ते या झाडांना परवडत नाही. तसंच पूर्वेला निघत परभणी, नांदेड करत किनवटला पोचा, तिथं सागवानाचं जंगल आहे, हाताएवढाली पानं. बोलीत, जेवणात थोडा फरक पडतो, पण झाडात पडलेला फरक आंधळ्यालाही हात लावून कळेल.

पाच मोठे गट

कोपेननं जगाचे पाच मोठे गट केले आणि त्यांना ए ते ई अशी अक्षरं दिली.

पहिला गट उष्ण आणि ओला. नियम सोपा, वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमानसुद्धा अठरा अंशाच्या खाली जात नाही आणि पाऊस पुरेसा. यात तीन भाऊ आहेत. सिंगापूर, ॲमेझॉन, काँगोचं खोरं, इथं एकही महिना कोरडा नसतो, म्हणून घनदाट सदाहरित जंगल. दुसरा भाऊ मोसमी, केरळ-कोकणाच्या किनाऱ्यासारखा, मधी थोडे महिने कोरडे पण पावसाळ्यात एवढं कोसळतं की वर्षभर जंगल टिकतं. तिसरा सव्हाना, म्हणजे पावसाळा आणि लांबलचक कोरडा काळ, गवत आणि विरळ झाडं, पूर्व आफ्रिकेतला सेरेंगेटीचा पट्टा यातलाच. आपलं नांदेड, किनवटही याच खान्यात.

दुसरा गट कोरडा, आणि आपल्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. इथं उन्हाचा खर्च पावसाच्या जमेपेक्षा जास्त. फारच तूट असली की वाळवंट, जसं सहारा, थर, चिलीचं अटाकामा. तिथल्या अरिका शहरात वर्षाची सरासरी एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही. लेहसुद्धा वाळवंटच आहे फक्त थंड. तूट त्याहून कमी असली की त्याला अर्धशुष्क म्हणतात, म्हणजे वाळवंटही नाही आणि ओला प्रदेशही नाही, दोघांच्या बांधावर. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेल म्हणून पट्टा आहे तो असाच, आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड पण असेच.

तिसरा गट समशीतोष्ण. हिवाळा असतो पण जीवघेणा नाही. लंडन यात येतं. यातला एक प्रकार मला फार विलक्षण वाटतो, भूमध्य समुद्राभोवतीचा, रोम, ग्रीस, आणि तसाच केपटाऊन, पर्थ, कॅलिफोर्निया. तिथं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, आपल्या बरोबर उलटं. थंडीत पडलेलं पाणी उडत नाही, जमिनीत राहतं, त्यावर द्राक्ष आणि ऑलिव्ह उन्हाळा काढतात.

चौथा गट खंडांतर्गत थंड हवामान, मॉस्को, कॅनडा, सायबेरिया. समुद्र लांब असल्यामुळं हिवाळा भयंकर, उन्हाळा बऱ्यापैकी गरम. याकुत्स्क शहरात जानेवारीची सरासरी शून्याखाली अडतीसच्या आसपास आणि जुलैत एकोणीस-वीस. दक्षिण गोलार्धात हा गट जवळजवळ नाहीच कारण त्या अक्षांशांवर तिकडं मोठी जमीनच नाही, सगळा समुद्र. पाचवा ध्रुवीय, सगळ्यात गरम महिनासुद्धा दहा अंशाच्या आत, झाड उगवतच नाही. अंटार्क्टिकावर व्होस्टोक इथं १९८३ च्या जुलैत शून्याखाली ८९.२ अंश नोंदलंय.

आता याकुत्स्ककडं परत बघा. तिथं वर्षाला पाऊस-बर्फ मिळून अडीचशे मिलीमीटरच्या आत, जैसलमेरपेक्षा थोडासाच जास्त. पण जैसलमेरला वाळू आणि याकुत्स्कभोवती जंगल. जमा जवळपास सारखी, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

आपल्या गावाचा हिशोब स्वतः करा

कोपेनचं सूत्र शेतकऱ्याला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल एवढं सोपं आहे. वर्षाचं सरासरी तापमान घ्या, वीसनं गुणा. मग पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवा, वर्षभर विखरून पडत असेल तर १४०, आणि मुख्यतः थंडीत पडत असेल तर काहीच मिळवू नका. (युरोपवाल्यांच्या भाषेत एप्रिल ते सप्टेंबर उन्हाळी सहामाही, आपला पावसाळा त्यातच येतो.) जो आकडा येईल ती त्या गावाची रेषा. पाऊस रेषेच्या वर असला तर ओला गट, खाली असला तर अर्धशुष्क, रेषेच्या निम्म्याहून खाली असला तर वाळवंट.

आपल्याकडं सरासरी तापमान सव्वीस-सत्तावीस. सत्तावीस गुणिले वीस म्हणजे ५४०, अधिक २८०, झाले ८२०. बीडला पाऊस सहाशे-सातशे, ८२० च्या खाली पण ४१० च्या वर, म्हणजे अर्धशुष्क. नांदेडला नऊशेच्या आसपास, रेषेच्या वर, म्हणजे सव्हाना. जैसलमेरला दोनशेच्या आसपास, वाळवंट. लंडनचं अकरा गुणिले वीस, २२०, अधिक १४०, फक्त ३६०. त्यांचा सहाशेचा पाऊस रेषेच्या कितीतरी वर!

म्हणजे जगाच्या नकाशावर कोरड्या आणि ओल्याला वेगळं करणारी रेषा आपल्या मराठवाड्याच्या मधूनच जाते. हे बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत बसलो, कारण "मराठवाडा दुष्काळी" असं एका शब्दात ऐकतच मोठा झालोय.

पण आपल्याच वाट्याला हे का?

पहिलं कारण सूर्य. आपण साडेसतरा ते साडेवीस अक्षांशात, मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दरवर्षी पेपरात शून्य सावली दिवसाची बातमी येते ना, तीच गोष्ट. मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या थोडं आधी अंगणात काठी सरळ उभी करा, सावली काठीच्या बुडातच जाते. ऊन सरळ पडलं की तेवढ्याच जागेत जास्त उष्णता.

दुसरं सह्याद्री. अरबी समुद्रावरून ओली हवा येते, डोंगराला अडून वर चढते, वर गेली की थंड होते आणि थंड हवेत वाफ मावत नाही म्हणून कोसळते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर, आणि तिथनं तीस-पस्तीस किलोमीटरवर वाईत हजाराच्याही आत. डोंगर उतरताना हवा पुन्हा गरम आणि कोरडी होते. याला पर्जन्यछाया म्हणतात, भिंतीच्या पल्याड नळ चालू आणि अल्याड फक्त शिंतोडे. पुढं पूर्वेला नांदेड-हिंगोलीला पाऊस परत वाढतो कारण बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे त्या बाजूनं येतात.

तिसरं समुद्र लांब. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून रत्नागिरीला ना फार उन्हाळा ना फार थंडी, आणि परभणीत मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अन् डिसेंबरात शेकोटी.

"पुस्तकात तर मोसमी हवामान लिहिलंय"

ते पण बरोबर आहे. पाऊस कुणामुळं येतो हे विचारलं तर उत्तर मोसमी वारे, किती पुरतो हे विचारलं तर उत्तर अर्धशुष्क. एकाच माणसाला कुणी मामा म्हणतं कुणी काका, तसं.

"मग २०२५ सारखा पूर कसा आला?"

अर्धशुष्क म्हणजे कमी पाऊस एवढंच नाही, बेभरवशाचा पाऊस. जिथं सरासरी कमी तिथं वर्षावर्षातला फरक मोठा असतो, हे जगभरातल्या अशा पट्ट्यांत दिसतं, साहेलमध्येसुद्धा. "पडल्या मघा, नाहीतर वरती बघा" ही म्हण उगीच नाही आली. जून-जुलैत वीस-वीस दिवसांचा खंड आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. पूर आणि टँकर ही दोन वेगळी हवामानं नाहीत.

"इस्रायल बघा, आपल्यापेक्षा कमी पावसात काय शेती करतात"

प्रत्येक कृषी मेळाव्यात हे ऐकतो. इस्रायलकडनं शिकण्यासारखं खूप आहे, ठिबक आहे, सांडपाणी शुद्ध करून शेतीला वापरणं आहे, समुद्राचं पाणी गोडं करणं आहे. पण तेल अवीवचा पाऊस भूमध्य प्रकारचा, थंडीत पडणारा, कमी उडणारा. आपला पडतो गरमीत. आणि आपल्याला गोडं करायला समुद्रही नाही. तंत्र जरूर आणावं पण आकडा शेजारी ठेवून तुलना करणं चूक.

उलट आपल्या आज्या-पणज्यांनी या हवामानाचं उत्तर शोधलेलं होतं, रब्बीची ज्वारी. काळी भारी जमीन पावसाळाभर पाणी पिऊन घेते, मग उघडीप मिळाली, वाफसा आला की पेरायचं, आणि वरून एक थेंब न पडता नुसत्या ओलीवर, थंडीत, जेव्हा हवेची भूक सगळ्यात कमी असते तेव्हा पीक काढायचं. भूमध्य समुद्राकाठी जी गोष्ट निसर्ग करतो ती आपल्याकडं जमीन करते. त्याच जमिनीवर आपण ऊस वाढवत नेला, ज्याला दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाणी लागतं. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, ज्वारीला भाव नाही आणि उसाचं बिल नक्की येतं, पण ८२० च्या रेषेखालच्या गावात दोन हजाराचं पीक, यातली तूट बोअरमधनंच निघते आणि बोअर खाली खाली जातं.

"तापमान एक-दोन अंशानं वाढलं तर एवढं काय?"

सूत्रात बघा. तापमान वीसनं गुणायचं आहे. म्हणजे सरासरी एक अंशानं वाढली की रेषा वीस मिलीमीटरनं वर सरकते, दोन अंश वाढली की चाळीस. पाऊस तेवढाच राहिला तरी जे गाव कालपर्यंत रेषेच्या थोडं वर होतं ते खाली येतं. लंडनला याचा फरक पडायचा नाही, त्यांच्याकडं दोनशे मिलीमीटरपेक्षा जास्त शिल्लक आहे. फरक पडतो बांधावरच्या गावांना.

परवा भाच्यानं लातूरचा हिशोब करून वही दाखवली. तापमान सव्वीस धरलं, रेषा आली बरोबर आठशे, आणि पाऊस पण आठशेच्या आसपास. म्हणला, मामा हे तर नेमकं रेषेवर आलं, उत्तरात काय लिहू? मी म्हणलं दोन्ही लिही, आणि खाली कुठल्या वर्षांची सरासरी धरली ते पण लिही. आता तो आपल्या मंडळातल्या पर्जन्यमापकाचे जुने आकडे कुणाकडं मिळतील ते विचारत फिरतोय.